रंग कॅमेऱ्यात नव्हता : केशवराव धायबर आणि ‘सैरंध्री’

(वरवट बकाल, ता. संग्रामपूर, जि. बुलढाणा इथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



आजचा विषय एका कॅमेरामनचा आहे. त्या काळी त्यांना ‘छायालेखक’ म्हणत. आम्हाला हा शब्द फार आवडतो, कारण त्यात कामाचं नेमकं वर्णन आहे. छायेनं लिहिणारा तो छायालेखक. केशवराव धायबर हे असे छायालेखक होते, आणि एका वर्षी त्यांच्यावर रंगानं लिहायची वेळ आली. ते वर्ष १९३३. चित्रपट प्रभात फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’.

या चित्रपटाबद्दल आपल्याकडे साधारण तीन वाक्यं सांगितली जातात. भारतातल्या रंगीत चित्रपटाचा हा पहिला मोठा प्रयत्न होता. त्याच्या रंगीत प्रती जर्मनीत छापून आणल्या. रंग भडक आले आणि चित्रपट पडला. झालं. पुढे लेखक लगेच ‘अमृतमंथन’कडे वळतात, कारण तिथे यश आहे. या तीन वाक्यांत दिग्दर्शक व्ही. शांताराम येतात, जर्मनी येते, प्रेक्षक येतो. कॅमेऱ्याच्या मागे जो माणूस उभा होता तो मात्र येत नाही. आणि तरीही ‘रंग फसले’ हा ठपका कुठे तरी त्याच्याच खात्यावर जाऊन पडतो, कारण चित्र दिसायला कसं आलं याची जबाबदारी आपण कॅमेरामनवरच टाकतो.

आज आम्हाला हे खातं पुन्हा तपासायचं आहे. आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ‘सैरंध्री’चा रंग धायबरांच्या कॅमेऱ्यात नव्हताच. तो हजारो मैलांवरच्या एका रसायनशाळेत होता. म्हणून रंगीत चित्रपटाच्या सुरुवातीच्या काळात एखाद्या छायालेखकाची कारकीर्द मोजायची असेल, तर ‘रंग कसे आले’ या प्रश्नाच्या आधी ‘रंग कोणाच्या हातात होता’ हा प्रश्न विचारावा लागतो.

कोल्हापूरची शाळा

धायबर घडले ते कोल्हापुरात, बाबुराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत. बाबुराव मुळात चित्रकार. त्यांनी कॅमेरासुद्धा स्वतः खटपट करून तयार केला होता. त्यांचा मूकपट ‘सैरंध्री’ १९२० साली आला. म्हणजे १९३३ चा विषय नवा नव्हता. गुरूनं जी गोष्ट काळ्या-पांढऱ्यात आणि मुक्यानं सांगितली होती, तीच शिष्य रंगात आणि आवाजात सांगायला निघाले होते.

याच कंपनीत शांताराम आणि धायबर यांनी मिळून १९२७ साली ‘नेताजी पालकर’ दिग्दर्शित केला. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण धायबर म्हणजे कोणी सांगेल तसं हँडल फिरवणारे गडी नव्हते. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात सुरू झाली तेव्हा विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल, शांताराम आणि सीताराम कुलकर्णी यांच्यासोबत तेही भागीदार होते. कंपनीत त्यांचा पैसा होता, मत होतं आणि कॅमेराही त्यांच्याकडे होता.

प्रभातचा पहिला बोलपट ‘अयोध्येचा राजा’, साल १९३२. तो आजही पाहता येतो. आमची विनंती आहे की तो पाहताना पाच मिनिटं गोष्ट विसरा आणि फक्त उजेड पाहा. दरबारातले दागिने, जर, खांब, मुकुट यांच्यावर उजेड कसा खेळतो ते पाहा. सोनं पिवळं दिसत नाही, तरी सोनं वाटतं. का वाटतं? कारण चकाकी दिसते. काळ्या-पांढऱ्या चित्राची सगळी भाषा या एका गोष्टीवर उभी आहे : रंग दाखवता येत नाही, तेव्हा वस्तूचा पोत, चमक आणि सावली दाखवून रंगाची आठवण करून द्यायची.

त्याच वर्षीचा ‘माया मच्छिंद्र’ घ्या. चमत्कारांची गोष्ट, त्यामुळे ट्रिक फोटोग्राफी आली. ट्रिक फोटोग्राफीत एकाच फिल्मवर दोन वेळा चित्र घ्यावं लागतं. पहिलं चित्र घेतलं की ते दिसत नाही. ते डोक्यात धरून दुसरं घ्यायचं असतं. म्हणजे न दिसणाऱ्या गोष्टीचा अंदाज बांधून काम करायची सवय धायबरांना होती. फक्त एक सोय होती. फिल्म धुणारे लोक घरचे होते. बिघडलं तर लगेच कळे, परत घेता येई. ही सोय किती मोलाची होती ते ‘सैरंध्री’च्या वेळी कळणार होतं.

कपाशीच्या फुलाची परीक्षा

आता थोडं तंत्र. घाबरू नका, आपल्या शेतातलंच उदाहरण घेऊ.

कपाशीचं फूल पहिल्या दिवशी पांढरट पिवळं असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. इथे बसलेल्या बहुतेकांना हे सांगायची गरज नाही. आता समजा या दोन्ही फुलांचा फोटो काळ्या-पांढऱ्या फिल्मवर काढला. मूकपटांच्या जमान्यातली फिल्म तांबड्या रंगाला जवळजवळ आंधळी होती. तांबडं ते काळं, आणि निळं ते पांढरं, असा तिचा हिशेब. पुढे आलेल्या फिल्मला सगळे रंग दिसू लागले, पण ते सगळे करड्या छटांमध्येच. म्हणजे कालचं फूल आणि आजचं फूल यांतला फरक कॅमेरामनला स्वतः निर्माण करावा लागे. कुठे उजेड कमी-जास्त कर, कुठे भिंगापुढे रंगीत काच लाव, कुठे पार्श्वभूमी बदल.

रंगीत चित्रपट आला तो या अडचणीवर उतारा म्हणून. पण आला कसा? प्रभातनं निवडलेल्या पद्धतीला बायपॅक म्हणतात. एका कॅमेऱ्यात दोन फिल्मी एकमेकींना तोंडाला तोंड लावून एकदमच धावतात. पुढची फिल्म निळा-हिरवा उजेड टिपते. तिच्यावरच्या तांबूस थरातून गाळून जो उजेड मागे जातो तो मागची फिल्म टिपते, म्हणजे तांबडी बाजू. मागचं चित्र थोडं मऊ, पुसट येतं, कारण तिथवर पोचायला उजेडाला एक आख्खी फिल्म ओलांडावी लागते. म्हणून सेटवर उजेडही जास्त लागतो. दिवे जास्त, उष्णता जास्त, नटांच्या अंगाला घाम जास्त.

पण खरी गंमत पुढे आहे. या दोन्ही निगेटिव्ह कशा असतात? काळ्या-पांढऱ्या! त्यांच्यात रंगाचा कणही नसतो. एकीवर निळ्या-हिरव्याचा हिशेब करड्या छटांत मांडलेला, दुसरीवर तांबड्याचा. रंग चढतो तो छपाईच्या वेळी. दोन्ही बाजूंना थर असलेली फिल्म घेतात, एका बाजूचं चित्र तांबूस नारिंगी करतात, दुसऱ्या बाजूचं निळसर हिरवं. पडद्यावर दोन्ही एकत्र दिसतात आणि डोळ्याला रंगीत चित्र वाटतं.

याचा अर्थ काय, मंडळी? धायबरांनी चित्रण संपल्यावर निगेटिव्ह हातात घेऊन उजेडासमोर धरली असती, तरी त्यांना रंग दिसला नसता. त्यांना दोन करडी चित्रं दिसली असती. किती तांबडं करायचं, किती निळं करायचं, हे ठरवणारा माणूस वेगळा होता, गाव वेगळं होतं, देश वेगळा होता.

हळद कुठे गेली?

दोनच रंगांच्या या पद्धतीला एक जन्मजात व्यंग आहे. कातडीचा रंग, माती, लाकूड, विटा हे तिला बरं जमतं, कारण ते सगळं तांबूस नारिंगीच्या घरातलं. झाडांची हिरवळ निळसर येते पण चालून जाते. जमत नाही ते दोन टोकांचं : स्वच्छ पिवळा आणि जांभळा. आपली कपाशीची फुलं तिच्या परीक्षेला बसवली तर दुसऱ्या दिवसाचं गुलाबी फूल पास होईल, पहिल्या दिवसाचं पिवळं नापास.

आता विचार करा. पौराणिक चित्रपट. त्यात काय काय येतं? हळद, पितांबर, सोन्याचे अलंकार, झेंडूची तोरणं. पुराणकथेच्या दृश्यजगाचा कणाच पिवळा आहे. आणि जगात तेव्हा हाताशी असलेली पद्धत नेमकी पिवळ्याला अडाणी! हॉलिवूडमध्ये हीच पद्धत वापरताना लोक सेट आणि कपडे तिच्या सोयीचे निवडत : विटकरी, तपकिरी, निळसर हिरवे. आपल्याकडे विराटाच्या राजवाड्याला तपकिरी रंग देऊन भागलं असतं का? प्रेक्षक सोनं पाहायला आला होता.

‘सैरंध्री’चं रंगीत रूप आज पाहायला मिळत नाही. म्हणून अमुक दृश्यात अमुक रंग असा आला असं आम्ही सांगणार नाही. ‘भडक’ हा एकच शब्द परंपरेनं आपल्यापर्यंत आला आहे. पण त्या पद्धतीचा स्वभाव आपल्याला माहीत आहे, आणि त्या स्वभावात भडकपणाचं कारण दडलेलं आहे. ज्या पद्धतीला मधल्या छटा कमी येतात तिच्यात छपाईवाल्यानं रंग उठून दिसावा म्हणून जोर लावला की चित्र भडक होतंच. दोनच रंगांवर जत्रेतलं खेळणं रंगवा, तसं.

आणि काळही पाहायला हवा. टेक्निकलरची तीन रंगांची पद्धत १९३२ साली डिस्नेच्या एका छोट्या कार्टूनपटासाठी वापरली गेली. त्या पद्धतीचा पहिला पूर्ण लांबीचा कथापट, ‘बेकी शार्प’, आला १९३५ साली. म्हणजे १९३३ मध्ये जगात कुठेही कोणी तीन रंगांत पूर्ण कथापट केलेला नव्हता. प्रभातनं चुकीची पद्धत निवडली असं म्हणणाऱ्यांनी हे साल आधी पाहावं.

कापूस इथला, रंग तिथला

शांतारामबापू फिल्म घेऊन जर्मनीला गेले. तिथे आगफाच्या बायपॅक पद्धतीनं प्रती तयार झाल्या. ही व्यवस्था ऐकली की आम्हाला वऱ्हाडातल्या माणसाला एक गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा १८७० साली गेला तो कापसासाठी. बोंड इथे फुटलं, सरकी इथे निघाली, गाठी इथे बांधल्या, आणि सूत, रंग, कापड विलायतेत. परत आलं ते छापील लुगडं. ते चांगलं निघालं तर मँचेस्टरचं नाव. वाईट निघालं तर? ‘कापूसच आखूड धाग्याचा होता.’

‘सैरंध्री’च्या बाबतीत नेमकं हेच झालं असं आमचं मत आहे. चित्र इथलं, छपाई तिथली, आणि दोष पुन्हा इथला.

पण यात प्रभातची काहीच जबाबदारी नव्हती, असं म्हणून आम्ही सुटका करून घेणार नाही. टीकाकाराला ते शोभत नाही. आपल्याकडे रंगीत छपाईची प्रयोगशाळा नसताना आख्खा चित्रपट या पद्धतीनं करणं हे धाडस होतं, आणि धाडसाचा हिशेब द्यावाच लागतो. आधी एक-दोन रिळं करून, ती छापून आणून, पडद्यावर पाहून मग पुढे जाणं हा सावध रस्ता असतो. चूक पाहायला मिळाली तरच माणूस ती दुरुस्त करतो. कॅमेरामनला आपण घेतलेलं चित्र लवकरात लवकर पडद्यावर पाहायला मिळावं, ही चैनीची मागणी नाही, ती त्याच्या कामाची पहिली अट आहे. जहाजानं आठवडेच्या आठवडे लागणाऱ्या अंतरावर ती अट पाळली जाणं शक्यच नव्हतं. हा निर्णय कंपनीचा होता. भागीदार म्हणून धायबरही त्या निर्णयाचे वाटेकरी होते. म्हणजे भागीदार धायबरांच्या खात्यावर धाडसाची जोखीम जरूर लिहा. छायालेखक धायबरांच्या खात्यावर भडक रंग लिहू नका. एकाच माणसाची ही दोन खाती आहेत.

पडदाभर एक डोळा

प्रभात १९३३ सालीच पुण्याला आली. नव्या स्टुडिओतला पहिला चित्रपट ‘अमृतमंथन’, १९३४. छायालेखक पुन्हा धायबर. चित्र काळं-पांढरं.

यातला सगळ्यांना माहीत असलेला प्रसंग म्हणजे राजगुरूचा डोळा. राजानं बळी देण्यावर बंदी घातली आहे आणि बळीप्रथेचा कैवारी राजगुरू सुडाचा विचार करतो आहे. हिंदी आवृत्तीत ही भूमिका चंद्रमोहननं केली, मराठीत केशवराव दाते यांनी. पडदाभर फक्त एक डोळा. जर्मनीहून आणलेल्या टेलिफोटो लेन्सनं तो घेतला असं सांगितलं जातं, आणि भारतीय चित्रपटातला तशा लेन्सचा तो पहिला वापर मानला जातो.

चंद्रमोहनचे डोळे घारे होते. आम्ही हा डोळा पुन्हा पुन्हा पाहिला आहे. दर वेळी वाटतं की आपण एक रंग पाहतो आहोत. बुबुळ फिकं, बाहुली काळीभोर, कडेला उजेडाचा ठिपका, भोवती अंधार. करड्याच्या चार छटा, पण डोळ्याचा रंग सांगता येतो! जे ‘अयोध्येचा राजा’त सोन्याच्या बाबतीत झालं होतं ते इथे माणसाच्या मनाच्या बाबतीत झालं. क्रौर्याला रंग मिळाला.

इतिहासात ही गोष्ट अशी सांगतात : जर्मनीत रंग फसला, पण शांतारामबापू तिथून नवी लेन्स आणि नवी दृष्टी घेऊन आले. बरोबर आहे. पण लेन्स पेटीतून आली म्हणून चित्र येत नाही. लांब पल्ल्याच्या लेन्सला उजेड जास्त लागतो, फोकस केसाइतका पातळ असतो, नट जरा हलला की डोळा धूसर होतो. तो सांभाळणारा हात धायबरांचा. आणि त्या हातानं नुकतंच एक काम केलेलं होतं ज्यात उजेड भरपूर लागतो आणि अंदाज पक्का लागतो. ‘सैरंध्री’ आणि ‘अमृतमंथन’ यांच्यात आम्हाला पडझड आणि मग भरपाई दिसत नाही. आम्हाला एक सलग काम दिसतं. फरक इतकाच की या वेळी निगेटिव्ह पुण्यातच धुतली गेली. माणूस तोच, प्रयोगशाळा घरची. निकाल समोर आहे.

यानंतर धायबर दिग्दर्शनाकडे वळले. १९३६ चा ‘राजपूत रमणी’ त्यांचा. मग ते प्रभातमधून बाहेर पडले. कंपनीचा कॅमेरा व्ही. अवधूत यांच्याकडे गेला. धायबरांचं दिग्दर्शन त्यांच्या छायालेखनाइतकं मोठं आहे असं आम्हाला वाटत नाही, त्यामुळे तिथे रेंगाळत नाही.

एक मात्र सांगतो. प्रभातनं पुढे १९३७ साली एक चित्रपट केला ज्याच्या नावातच रंग आहे : ‘कुंकू’. तो काळा-पांढरा आहे. कपाळावरचा तो गडद ठिपका प्रेक्षकाला तांबडाच दिसला. नीरानं तो लावला काय आणि पुसला काय, यावर आख्खा चित्रपट उभा आहे, आणि तांबड्या रंगाचा एक थेंबही त्यात खर्च झालेला नाही. चार वर्षांपूर्वी रंगाच्या मागे जर्मनीला गेलेली कंपनी हे करून दाखवते, यात केवळ योगायोग पाहायला आम्ही तयार नाही.

पुढची वीस वर्षं

रंग कोणाच्या हातात, हा प्रश्न ‘सैरंध्री’सोबत संपला नाही. १९३७ साली अर्देशर इराणी यांच्या इम्पीरियल कंपनीनं ‘किसान कन्या’ आणला. पद्धत सिनेकलर, म्हणजे पुन्हा दोनच रंग, पुन्हा पिवळ्याशी वैर. पण छपाई इथेच झाली. तंत्राच्या दृष्टीनं तो ‘सैरंध्री’च्या फार पुढे नव्हता, व्यवस्थेच्या दृष्टीनं मात्र होता. तिकीटखिडकीवर तोही फारसा चालला नाही, आणि इथल्या इथे रंग करायची ती वाट रुंदावली नाही.

मग १९५२ चा मेहबूबचा ‘आन’. फरीदून इराणी यांनी तो १६ मिलिमीटरच्या फिल्मवर घेतला आणि मोठ्या प्रती टेक्निकलरमध्ये झाल्या. सोहराब मोदींनी १९५३ च्या ‘झांसी की रानी’साठी ‘गॉन विथ द विंड’चा कॅमेरामन अर्नेस्ट हॉलर यालाच आणलं. म्हणजे रंगासाठी कधी फिल्म बाहेर पाठवायची, कधी माणूस बाहेरून आणायचा. खुद्द शांतारामबापू रंगाकडे परतले ते १९५५ साली, ‘झनक झनक पायल बाजे’मध्ये. बावीस वर्षांनी! छायालेखक जी. बालकृष्ण, पद्धत टेक्निकलर. चित्रपट तुफान चालला. पण खरं सांगायचं तर त्यातला रंग आम्हाला सजावटीचा वाटतो. पडदे, घागरे, कारंजी रंगीत आहेत, पण त्या रंगातून मनाचा ठाव ‘अमृतमंथन’च्या त्या करड्या डोळ्याइतका लागत नाही.

आणि हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. हॉलिवूडमध्ये टेक्निकलर कंपनी आपला कॅमेरा विकत देत नसे, भाड्यानं देई. सोबत तिचा माणूस येई, रंगसल्लागार येई, फिल्म तिच्याच प्रयोगशाळेत जाई. तिथले नामांकित कॅमेरामन या सल्लागारांशी भांडत. पण ते भांडू तरी शकत, कारण सल्लागार त्याच सेटवर उभा असे. धायबरांना भांडायला समोर कोणी नव्हतं.

मग मोजमाप कसं करायचं?

चित्रपटाची समीक्षा करताना आपण पडद्यावर जे आलं त्यावरून बोलतो, आणि ते योग्यच आहे. पण सुरुवातीच्या रंगीत चित्रपटांच्या बाबतीत पडद्यावर आलेलं चित्र हे एका माणसाचं अक्षर नसतं. त्यात छायालेखकाचं, रसायनाचं आणि छपाईवाल्याचं अक्षर मिसळलेलं असतं. ते सुटं करून वाचलं पाहिजे. सुटं करता येत नसेल, तर त्याच माणसाचं आधीचं आणि नंतरचं काम शेजारी ठेवून वाचलं पाहिजे. धायबरांच्या बाबतीत हे शक्य आहे. ‘अयोध्येचा राजा’ आहे, ‘अमृतमंथन’ आहे. या दोन खांबांच्या मध्ये ‘सैरंध्री’ची रिकामी जागा आहे. खांब भक्कम आहेत. मधली कमान कोसळली म्हणून खांब उभारणाऱ्याला अडाणी म्हणायचं का?

आम्हाला वाटतं की धायबरांना ‘फसलेल्या रंगाचा छायालेखक’ म्हणून ओळखणं हा अन्याय आहे. आणि केवळ ‘पहिला रंगीत छायालेखक’ म्हणून त्यांचा सत्कार करणं हेही अपुरं आहे, कारण त्यांचं थोरपण रंगात नाही. रंग नसताना रंग दाखवायची जी विद्या कोल्हापुरात तयार झाली, तिच्यात ते आहे. तिच्या जोरावरच ते रंगाला हात घालायला धजले. प्रभातचा पुण्याचा स्टुडिओ १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट झाला. तिथे आज कॅमेरा शिकणारी पोरं ज्या जागेत दिवे लावतात, त्याच जागेत हा डोळा चित्रित झाला. त्यांना आणि आपल्यालाही एवढं ठाऊक असावं, म्हणून हा खटाटोप.



प्रश्नोत्तरं

सर, मग भारतातला पहिला रंगीत चित्रपट कोणता धरायचा? स्पर्धा परीक्षेत ‘किसान कन्या’ उत्तर असतं.

परीक्षेत तेच लिहा, मार्क जाऊ देऊ नका! ‘किसान कन्या’ची रंगप्रक्रिया भारतातच झाली, म्हणून तो पहिला देशी रंगीत चित्रपट. ‘सैरंध्री’ त्याच्या चार वर्षं आधीचा, पण रंगीत प्रती जर्मनीतल्या. खरं तर हा प्रश्न आपल्या आजच्या विषयाचाच आहे. ‘पहिला’ कोण हे ठरवतानासुद्धा आपण शेवटी छपाई कुठे झाली हेच पाहतो. कॅमेरा कोणी चालवला हे कोणी विचारत नाही.

मराठी चित्रपट इतकी वर्षं काळा-पांढराच का राहिला?

मुख्य कारण पैसा, ताई. रंगीत फिल्म महाग, छपाई महाग, आणि मराठीचा बाजार हिंदीच्या मानानं लहान. साठच्या दशकात हिंदीत रंगाची लाट आली तरी मराठी निर्मात्याला तो खर्च वसूल होईल याची खात्री नव्हती. १९७२ च्या ‘पिंजरा’नं ती भीती बरीच मोडली. तोही शांतारामबापूंचाच. रंगाचा नाद त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं.

दादा, आम्ही लग्नाचं शूटिंग करतो. एडिटिंग दुसऱ्या गावाला होतं. आम्ही घेतलेले रंग तिथं पार बदलून जातात. हळदीचा कार्यक्रम तर ओळखू येत नाही. याला इलाज काय?

म्हणजे हळदीची अडचण अजून मिटलेली नाही! तुमच्या प्रश्नानं आजचं व्याख्यान आमच्यापेक्षा सोपं करून सांगितलं. इलाज साधा आहे. पहिलं, कॅमेऱ्याचा व्हाईट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका. हळदीनं चौकट पिवळी झाली की मशिनला वाटतं उजेडच पिवळा आहे, आणि ते निळं मिसळून हळद मारतं. दुसरं, कार्यक्रमाच्या सुरुवातीला त्याच उजेडात एक पांढरा कागद आणि शेजारी एक करडा कागद धरून दहा सेकंद शूट करा. एडिटिंगवाल्याला सांगा, हा कागद पांढरा दिसला पाहिजे, बाकी आपोआप जागेवर येतं. आणि तिसरं, निदान एकदा त्याच्या शेजारी जाऊन बसा. एसटीनं अर्धा दिवस जाईल. पण तुमचा रंग कोण ठरवतो ते डोळ्यांनी पाहा, आणि पटलं नाही तर तिथल्या तिथे बोला. धायबरांना ती सोय नव्हती. तुम्हाला आहे.